उरलेला रंग

होड्यांवर नावं घालतो मी.
'दर्याराज', 'अल-मदिना', 'एकवीरा प्रसन्न',
खाली नंबर, पुढे दोन डोळे.
हर्ण्याच्या शाळेत पेवेकर बाईंनी बोलावलं :
भिंतीवर उद्देशिका हवी, सव्वीसच्या आत.
पोरं घोकतात नुसती,
सार्वभौमला सार्वभोपळा म्हणतात.
तुम्ही हसवा त्यांना. पैसे नाहीत.

रंग उरलेला होता. 'अल-मदिना'चा हिरवा,
'एकवीरा'चा शेंदरी, चोगल्यांच्या ट्रॉलरचा निळा,
पांढरा म्हणून चुना.

सार्वभौम मलाच धड माहीत नव्हतं.
खेकडा काढला, बिळाच्या तोंडाशी,
नांगी कमरेवर. समोर माडाएवढी लाट,
आणि हा तिला विचारतोय, कोण पायजे?

लोकशाहीला लिलावातली मांजरं :
बांगडा की बोंबील? सगळ्यांचा एकेक पंजा वर,
एकाचे दोन.
मोजणारा बगळा त्याच्याकडेच बघतोय.

धर्मनिरपेक्षला उधाणाची भरती.
देवळाबाहेरच्या चपला, मशिदीबाहेरच्या चपला
एकाच लाटेवर चालल्यात दाभोळकडे.
मागे गुरव नि बांगी, काचा नि लुंगी वर खोचून,
दोघांच्या हाती लागलीय
दुसऱ्याचीच एकेक.

स्वातंत्र्याला बकरी. दावं खातेय.

न्यायाला तराजू, सुरमईच्या पारड्यावर
हळूच टेकलेलं एक बोट, हात बांगड्यांचा.
तनिष्का पावसे खो खो हसली, मग गप्प झाली.
दुसऱ्या दिवशी आईच आली, टोपली घेऊन.
बोट बघितलं. आपलं बोट बघितलं.
माझं नाय हे, म्हणाली, माझ्या बोटात अंगठी असते.
आणि व्यापारी आमचं म्हावरं मापतो
तेव्हा त्याचा अंगठा कुठे असतो? तो काढलास?
काढला.

बंधुतेला होडी, सगळे वल्ही मारतायत.
सरपंच चोगले बराच वेळ उभे.
हा पोटवाला, वल्हं नसलेला, मीच ना?
नाही म्हटलं.
मग त्याला वल्हं दे, म्हणाले.

समता काही जमेना. तीनदा पुसली.
तेवढा चौकोन कोरा ठेवून
वरची ओळ घातली, होडीच्या अक्षरात, ठळक :
आम्ही, भारताचे लोक.

लोक्या, तुझं नाव आलं भिंतीवर!
पोरं ओरडली. लोकेंद्र चौधरी, चौथी ब,
बाप 'दर्याराज'वर खलाशी, गाव नेपाळात.
शाळा सुटल्यावर तो एकटाच थांबला.
काका, यातले आम्ही म्हणजे कोण कोण?

मी बाईंकडे बघितलं.
बाईंना कायद्याचं उत्तर येत होतं.
त्या हातावरचा खडू झटकत राहिल्या.

चौकोन कोरा होताच. ब्रश दिला त्याला.
त्यानं डोंगर काढला, वाकडा, चुन्याचं बर्फ,
शेजारी माड. डोंगराच्या टोकापासून
माडाच्या शेंड्यापर्यंत दोरी,
दोरीवर वाळत घातलेले बोंबील.
डोंगर नि माड एकाच उंचीचे.
चौकोन तेवढाच होता म्हणून.

सव्वीसला साहेब आले, चष्मा पुसून बघू लागले.
हा हिमालय इथे कशाला?
समता! सगळी पोरं.
मागून एक बारीक आवाज : सार्वभोपळा!

याला सहा वर्षं झाली.
'दर्याराज' विकली, चौधरी कुठल्या बंदरात गेले
कुणाला ठाऊक नाही.
दोरीवर दरवर्षी कुणीतरी एक बोंबील वाढवतं,
आता माड अंमळ वाकल्यासारखा दिसतो.
खारा वारा रंग खातो.
जानेवारीत मी डबे घेऊन जातो, काय गेलं ते बघतो.
यंदा खेकड्याची नांगी गेली होती,
बकरीचं शेपूट, आणि व्यापाऱ्याचा अंगठा.
बोट तसंच होतं, बांगड्यांसकट.
पावशीण वाटेतच भेटली.
आधी अंगठा, म्हणाली.