उत्तर परिच्छेदात नाही

तार्तूत नोव्हेंबर सरत आला की चारच्या आत अंधार,
आणि माझी पाळी चारला सुरू.
एक परिच्छेद, त्यावर पाच प्रश्न.
उत्तर परिच्छेदातलंच हवं, जसंच्या तसं;
कुठे सुरू होतं, कुठे संपतं,
दोन खुणा करायच्या की पुढचा परिच्छेद.
राय कधी पेरतात. दगडी पूल कुणी पाडला.
सारस कोणत्या महिन्यात परत येतात.

हेल्दुर म्हणतो, यंत्र वाचत नाही,
फक्त झुकतं.
प्रश्नातला प्रत्येक शब्द मजकुरातल्या प्रत्येक शब्दाकडे
थोडा थोडा कलतो,
कुणाकडे जास्त, कुणाकडे नावापुरता,
आणि जिथे सगळ्यांचा कल जमतो
तिथे ते बोट ठेवतं.
मी म्हटलं, आमच्या बेटावरच्या चर्चमध्ये
बायका रविवारी अशाच कलायच्या.
तो हसला नाही. आकडे बघत होता.

सुरुवातीला ते भलतंच आगाऊ होतं.
‘कधी’ म्हटलं की दिसेल तो सन उचलायचं,
‘कुणी’ म्हटलं की पहिलं नाव.
शेजारच्याच्या वहीत डोकावणारं पोर जसं.
म्हणून मला दुसऱ्या जातीचे प्रश्न लिहायला सांगितले:
वाटावं की उत्तर इथेच आहे,
आणि नसावं.
त्याला दर प्रश्नामागे तीन सेंट जास्त.
माझा हात या कामात चांगला बसला.
कचेरीत सगळ्यांना नवल.
मी अठरा वर्षं काल्योबरोबर काढलीत.

काल्यो हीउमाच्या बर्फरस्त्यावर पहारेकरी होता.
समुद्र गोठला की त्यावरून गाड्या सोडायच्या,
रोज भोक पाडून जाडी मोजायची,
वहीत लिहायची. दुसरं काही लिहायचा नाही.
ती वही माझ्याकडे आहे. निळी, रॉकेलच्या वासाची.

गुरुवारी सगळे गेल्यावर
मी तिचं शेवटचं पान यंत्राला घातलं.
नियमात बसत नाही, ठाऊक आहे.

बारा मार्च. बर्फ बावीस सेंटिमीटर. वारा दक्षिणेचा.
गाड्या नऊ. आता पेलत नाही.

विचारलं, जाडी किती?
बावीस.
विचारलं, वारा कुठला?
तेही बरोबर.
मग विचारलं, कोण पेलत नाही?

तुम्ही समजलात तसं काही झालं नाही. तो बुडाला नाही.
दहावी गाडी त्याचीच होती,
सुखरूप पलीकडे पोचली.
आणि तो तिथेच राहिला, हापसालूत,
एका शिंपिणीच्या माडीवर.

आमच्या भाषेत तो, ती, ते यांना एकच शब्द,
इवलासा, दोन अक्षरांचा,
माणसाला, गायीला, बर्फालाही तोच.
वहीत तोच आहे.
बर्फ पेलत नाही, की मी?

यंत्र जरा थांबलं
(थांबत नाही ते, मला तसं वाटलं)
आणि म्हणालं: उत्तर परिच्छेदात नाही.
चौसष्ट टक्के खात्रीने.
खाली बारीक अक्षरांत, दुसरी पसंती: बर्फ.

गप्प बसायला मीच शिकवलं होतं त्याला,
तीन सेंटांनी.

सकाळी हेल्दुरने नोंद पाहिली.
वही कुणाची, त्याला माहीत नाही.
म्हणाला, हे चुकलंय बघ,
मागच्याच ओळीत बर्फ आहे, उघड दिसतंय,
खूण कर आणि परत शिकायला पाठव.
मग कॉफी आणायला गेला.

मी कर्सर त्या शब्दापाशी नेला.
आमच्याकडे ‘बर्फ’ आणि ‘राहा’
एकसारखेच लिहितात.
सुरुवातीची खूण केली.
शेवटची अजून केलेली नाही.
कॉफीचं यंत्र घरघरतंय,
हेल्दुर कुणाला तरी विचारतोय, साखर संपली का.