झारेकरीण

बुधवारी गोदाघाटावर बाजार भरतो तेव्हा
मंत्र म्हणताना माझ्या कानात
मेथीच्या जुडीचा भाव शिरतो.
"गोत्र?" मी विचारतो,
मागून कुणीतरी ओरडतं, "दहाला दोन!"

आमच्या घरी वह्या आहेत, लाल कापडात बांधलेल्या.
गाव सांगा, आडनाव सांगा,
तुमचा पणजोबा कुठल्या साली
कुणाची राख घेऊन रामकुंडावर आला होता
ते काढून देतो.
धर्म म्हणजे काय, हे मात्र
इतक्या वर्षांत कुणी विचारलं नाही.
लोक दर विचारतात.

ठकूबाई तेही विचारत नाही.
गुडघाभर पाण्यात वाकून गाळ उपसते,
घमेलं गोल गोल हलवते.
आधी माती जाते, मग राख,
मग हाडांचे कण,
आणि तळाशी कधीमधी मुगाएवढं सोनं:
मेलेल्याच्या तोंडात ठेवलेला मणी,
जो त्याच्यासोबत वर जायचा होता
तो संध्याकाळी सराफ बाजारात जातो,
आणि ठकूबाईच्या नातवाला दूध मिळतं.
मी त्याला कधी चोरी म्हटलं नाही.
पुण्यही म्हटलं नाही.
मला कुणी विचारलंच नव्हतं.

परवा ती ओल्या पायांनी माझ्या पाटासमोर आली.
पदराची गाठ सोडली. चेन होती,
दीड तोळ्याची तरी असेल, फासा तुटलेला.
"कालच्या त्या उदगीरच्या पोरीची.
आजाची राख सोडाया वाकली व्हती.
तुमच्या वहीत गाव असंल. धाडून द्या."

मी हसलो. म्हटलं, ठकूबाई,
जन्मभर गंगेतलं सोनं खाल्लंस,
हेच तेवढं का ओकतेस?
हेही गंगेतलंच.
"त्या सोन्याला राखंचा वास येतो.
ह्याला घामाचा येतोय.
पोर हुडकत असंल अजून."

आणि नेलं असतंस तर?
कुणी पाहिलं होतं?

"मी व्हते की तिथं."

एवढं म्हणून ती परत पाण्यात उतरली,
तिचं घमेलं वाहून चाललं होतं.

रात्री मी पोथी काढली.
दक्षिणेकडे तोंड कधी करावं, ते होतं.
तीळ काळे की पांढरे, ते होतं.
कावळा शिवलाच नाही तर काय, तेही.
सापडलेल्या धनाचा मालक
एका पानावर राजा, एका पानावर ब्राह्मण,
आणि तिसरं पान वाळवीनं खाल्लेलं.
वाटलं, खरं उत्तर त्याच पानावर असणार.
ज्याला शोधायचं नसतं
त्याचं उत्तर नेहमी वाळवीच्या पानावर असतं.

मग एक शब्द दिसला. यथाशक्ती.
दिवसातून वीसदा म्हणतो मी तो.
पौषात एक मुलगा आला होता,
द्वारकेजवळच्या हॉटेलात कपबशा धुणारा,
बोटांना साबणाच्या भेगा. आई गेलेली.
मी यथाशक्ती म्हणालो
आणि अकराशे सांगितले.
त्यानं खिसे चाचपले, सातशे निघाले,
मग मनगटावरचं घड्याळ काढून पाटावर ठेवलं.
मी नको म्हणालो नाही.
शब्द पोथीत होता, तोंडातही होता.
मीच नव्हतो तिथं.

सकाळी उदगीरला फोन लावला.
मुलगी आधी रडली, मग म्हणाली,
"गुरुजी, तुम्हाला किती पाठवू?"
सवयीनं आकडा ओठांवर आला.
पाणी प्यालो.

त्यांच्या घराण्याच्या पानावर खाली लिहिलं:
चेन परत केली. ठकूबाई, झारेकरीण.
यजमानांच्या पानावर परक्याचं नाव लिहायची
आमच्यात रीत नाही. शाई वाळेपर्यंत बसून राहिलो.

मग त्या मुलाचं गाव शोधलं.
पौषातली सगळी पानं चाळली.
गर्दी होती त्या दिवशी;
मी नोंदच केलेली नाही.

घड्याळ कोनाड्यात आहे.
तासातासाला बारीकसं वाजतं.
काल नाकाशी धरून पाहिलं.
साबणाचा येतो.