दोन तारे

पाचांपैकी दोन दिले मी.
एक कॅमेऱ्याला,
एक त्या मेंढीला, जी कुणाचंही न ऐकता
चौकटीतून निघून गेली.

खाली लिहिलं: सूर्य खोटा आहे.
जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात
आमच्या फ्योर्डात सूर्य दिसत नाही.
डोंगर त्याला नोव्हेंबरात घेतो
आणि पंचवीस जानेवारीला परत करतो,
तोही अकरा मिनिटं, चर्चच्या भिंतीवर.
तुमच्या सिनेमात मात्र तो
नायिकेचं रडणं संपायची वाट बघतो
आणि वेळेवर हजर होतो.
सही: स्वानलाउग, मासळी कारखाना, वजनकाटा.

एवढंच.
पण गावातले दोनशे बारा जण त्या सिनेमात आहेत.
कुणी पाठमोरं, कुणी बर्फ ओढताना,
कुणाची नुसतीच टोपी.
दुसऱ्या दिवशी बेकरीत माझ्यापुरता पाव संपला होता.
मागच्या फळीवर तीन दिसत होते.

नगरपालिकेचा ह्याल्टी दारात आला, बूट न काढता.
पर्यटक वाचतात गं हे, म्हणाला.
वाचू देत.
मत आहे ना, मग मनात ठेव.
मनात ठेवलेला मासा, म्हटलं,
तिसऱ्या दिवशी घरभर होतो.
बरं, काढू नकोस. तीन तरी कर.

तीस वर्षं कॉड तोलते आहे मी.
काट्यावर हळूच बोट ठेवणारे
मला पाठीमागूनही ओळखू येतात.

संध्याकाळी गरम पाण्याच्या कुंडात
मानेपर्यंत बुडून, गोठल्या केसांनी
सगळे एकदम बोलत होते.
ओड्नी म्हणाली, हिचं दृश्य कापलं, म्हणून हिचा जळफळाट.
कापलं, हे खरं.
जळफळाट, तोही थोडा खरा.
पण सूर्य त्याच्या आधीपासून खोटा होता.

शनिवारी रात्री माझ्या ओळींखाली
एय्विंदुरच्या ओळी आल्या.
पाच तारे.
'एक तास सात मिनिटांनी
दुकानाच्या खिडकीपाशी लाल स्वेटरातली बाई
वळून बघते.
ती माझी बायको. गेल्या मार्चात गेली.
चार सेकंद आहे.
सूर्याचं मला माहीत नाही.'

मी परत लावला.
एक तास सात मिनिटं.
स्टेइनुन वळली, कुणी हाक मारल्यासारखी.
कोपरावरचं ठिगळ माझ्या हातचं.
पहिल्यांदा पाहताना मी बहुधा
डोंगराकडे बघत असेन.
आणि तिच्या गालावर, भुवईवर,
नाकाशेजारच्या त्या तिळावर
जो उजेड होता ना,
तो त्याच सूर्याचा होता.

रात्रभर बोट दोनावरून तीनावर, चारावर,
परत दोनावर.
सकाळी दोनच होते.

पंचवीस तारखेला सगळे चर्चपाशी,
हातात कॉफी, ताटल्यांत पातळ गोड धिरडी.
एय्विंदुर शेजारी येऊन उभा राहिला.
अजून दोनच?
दोनच.
चुकतेस तू.
असेन.
तिचं पुन्हा बघितलंस?
अकरा वेळा.

तो काही बोलला नाही.
भिंतीकडे बघत राहिलो.
ढग होते, भिंत राखाडीच राहिली.
त्यानं आपल्या ताटलीतलं एक धिरडं
माझ्या ताटलीत सरकवलं.
साखर कमी होती.
तेही मी सांगितलं.