नऊ आरेपा

कुडाळच्या बाजारात दोन किलो सुका मका मागितला
तर दुकानदार विचारतो, "कोंब्यांक घालूक?"
हे नुसते हसले.
निवतीपर्यंत पिशवी मांडीवर घेऊन बसले,
खाली ठेवा म्हटलं तरी ठेवली नाही.

घरी आल्या आल्या माझं चुन्याचं मडकं उतरवलं,
शिंपल्यांच्या भट्टीतला चुना, मी पानापुरता जपून काढते तो.
दोन डाव पाण्यात कालवला, मका त्यात रटरटत ठेवला.
भिंतीला सफेदी देताना येतो तसला वास
माजघरापर्यंत.
"आज तू बस," म्हणाले. "मी करतंय."

सव्वीस वर्षं बोटीवर कूक असलेला माणूस,
घरात कधी स्वतःचा चहा ओतून घेतला नाही.
बसले.

सालं सुटली. पाच पाण्यांनी चुना गेला नाही, सहाव्यानं गेला.
मिक्सर असताना पाटा धुवून घेतला,
वाटताना ह्यांचा उजवा खांदा कटकट वाजत होता.
पिठाचा गोळा झाला, मऊ, पिवळसर.
"म्हणजे उकडच की ही," मी म्हटलं.
माझ्या भाकरीला परात लागते, पाण्याचा हात लागतो.
ह्यांनी परात घेतलीच नाही.
या तळव्यातून त्या तळव्यात, टाळ्या वाजवल्यासारखं,
जाड, बोटभर जाड, कडेची भेग अंगठ्यानं बुजवत.
खापरीवर टाकली. उलटली. मग बोटाच्या पेरानं ठोकली.
पोकळ वाजली की झाली म्हणे.
हे मला कोणी शिकवायला नको,
नारळ मी असाच घेते.

"कुठे शिकलात?"

पाठ माझ्याकडे होती.
"एलिसेओन शिकवल्यान. इंजिनात होतो, माराकाइबोचो.
त्या वर्षी. बोट नांगरून ठेवलेली,
मालक फोन उचलीना, एजंट फिरकलो नाय.
बाकीचे गेले, नऊ जण रवलो.
मक्याच्या पिठाची पोती होती. आणि मीठ.
चुन्याची रीत त्याच्या आवशीची,
ती तो रात्री नुसती सांगायचो,
चुनो खंय होतो थंय."

त्या वर्षी.
दर रविवारी फोन यायचा.
जेवलात? "जेवलंय. ताजी मासळी गावता हंय."
आणि तुझा? "माझा बरा चलला."
गावातल्या बायका म्हणायच्या,
पैसे थांबले म्हणजे तिकडे कोणीतरी ठेवली असेल.
मी ऐकून घ्यायचे. मलाही तसंच वाटत होतं
काही रात्री.

खापरीतून धूर यायला लागला तेव्हा म्हटलं,
उलटा ती, करपेल.
मग मनगट पुढे केलं.
"ह्या दोन पाटल्या बघा. नक्षी जुळते का?"
बघितलं. चष्मा शोधला, पुन्हा बघितलं.
एक वेंगुर्ल्याच्या पतपेढीतून सुटलीच नाही,
पुढे दुसरी घडवली, सोनार म्हणाला तशीच आहे,
तशी नव्हती.
सात वर्षं हा हात ह्यांना वाढतो आहे.

काही बोलले नाहीत.
सुरी घेतली, आरेपाचं पोट फाडलं,
वाफेनं चष्मा पांढरा झाला,
आत सकाळची सुकटीची किसमूर भरून
पहिली माझ्या पुढ्यात ठेवली.
चव? मक्याची, थोडी राखेसारखी, थोडी गोड.
भाकरी ती भाकरी.
पण दुसरी मागून घेतली मी.

मोजल्या तर नऊ.
"घरात दोघं आपण. नऊ कशाला?"
"हाताक सवय," म्हणाले,
आणि तवा पुसायला लागले, तवा नव्हताच,
खापरी, ती कोण पुसतं.

सालं मागच्या दारी टाकली.
कोंबड्यांनी मान वाकडी करून
आधी एका डोळ्यानं बघितलं, मग दुसऱ्या,
मग टिपायला लागल्या.
तेवढं दुकानदाराचं खरं होतं.