फुटक्या वाडग्याची उधारी

अरेकिपात मी बुधवार ओळखते तो वासावरून.
सोमवारी चाके, मंगळवारी चाइरो,
बुधवारी मक्याच्या भरडीचं दाट चोचोका.
कॅलेंडर मला कुणी शिकवलंच नाही,
पातेल्यानं शिकवलं.

चौदा वर्षांची होते. काबानाकोंदेहून खाली उतरले
बटाट्यांच्या ट्रकमधून, पोत्यांवर बसून.
दोन्या सातुर्निनानं माझे हात उलटेपालटे करून पाहिले,
बाजारात कोंबडी पाहावी तसे,
आणि म्हणाली, "दगडाला लाव हिला."

दगड म्हणजे बातान. माझ्याहून जड.
त्यावर रोकोतो वाटायची, ती लाल, गोल, गोमटी मिरची,
दिसायला टोमॅटोची बहीण, वागायला सावत्र सासू.
पहिल्या रात्री हातांची नुसती आग.
अंथरुणाबाहेर, गार फरशीवर ठेवून झोपले,
जणू ते दुसऱ्याच कुणाचे होते
आणि मला फक्त सांभाळायला दिले होते.

मग वाढायला लागले.
जज्जसाहेब चरबी कडेला सारायचे, नीट, फाईल लावल्यासारखी.
चांभार ओतोनियेल हाडं इतकी चोखायचा
की दारातलं कुत्रं रागानं बघायचं त्याच्याकडे.
रंग उडालेल्या हॅटची ती बाई दोन वाडगे मागवायची,
एक समोरच्या रिकाम्या खुर्चीपुढे,
आणि ते निवलं की हळूच म्हणायची,
"याला आज भूक नाही. तू खा, पोरी."
मी खायचे. दारामागे, उभ्यानं.
न पाहिलेल्या मेलेल्या माणसाचं
इतकं मीठ कुणी खाल्लं नसेल.

हिशेब भिंतीवर. पांढऱ्या दगडावर कोळशाच्या रेघा.
नावं नाहीत, खुणा: हॅट, हातोडा, मिशी.
बेरीज मला तिथंच आली.
वजाबाकी, कुणी पैसे दिले की, ओल्या फडक्यानं.
पहिल्याच आठवड्यात माझ्या हातून एक वाडगा फुटला.
सातुर्निना काही बोलली नाही. एक रेघ ओढली,
शेजारी खूण काढली: दोन वेण्या.

लग्न? तेही तिथलंच.
गवंड्यांची पंगत, बावीस जण.
एकवीस उठले, हात पुसत गेले.
एकानं आपली ताटली शेजाऱ्याच्या ताटलीवर ठेवली,
वर चमचे, सगळ्यांची तोंडं एका बाजूला.
मी मोरीतून पाहिलं.
बास.

पुढे शाळेत शिवणकाम शिकवलं, तेवीस वर्षं.
तो गेला त्याला दोन पावसाळे झाले.
आता दर बुधवारी इथं येते, गिऱ्हाईक म्हणून.
दोन वाडगे मी मागवत नाही. एकच.
बसते मात्र दोघांच्या टेबलावर.
बसते कसली!
स्वयंपाकघराकडं पाठ करून मला बसता येत नाही,
पलीकडच्या टेबलावरचं मीठ संपलं की मीच उठते.
नवी पोर, येसेनिया, वैतागते:
"सेन्योरा, तुम्ही बसा ना!"

आज तिनं वाडगा ठेवला
आणि झटकन हात एप्रनखाली घेतला.
मी विचारलं नाही काही.
म्हटलं, "तेल लाव. पाण्यानं भडकतं.
आणि डोळे पुसू नकोस त्या हातानं, रडू आलं तरी."
ती थांबली. ट्रे कमरेला टेकवून
पहिल्यांदा नीट पाहिलं तिनं माझ्याकडं,
तोंडाकडं नाही, हातांकडं.

भिंतीला गेल्या साली चुना दिलाय.
तरी ऊन तिरपं आलं की
खालून उमटतात दोन वेण्या आणि एक रेघ.
पहिल्या पगाराला मी पैसे काढून दिले होते त्या वाडग्याचे.
सातुर्निनानं ते माझ्याच मुठीत परत दाबले.
"असू दे. ज्याची उधारी फिटते
तो परत फिरकत नाही."

चोचोका संपलं. वाडगा उचलला,
त्यात शेजारच्याची ताटली रचली, वर चमचे,
तोंडं एका बाजूला.
त्याचं जेवण अजून व्हायचं होतं,
ते नंतर लक्षात आलं.