सातवा तक्ता

मोझांबिक हे आधी एका बेटाचं नाव.
देशानं ते उसनं नेलं
आणि परत करायचं विसरला.

नांपुलाहून मुलं आली दोन मिनीबसमधून,
मांडीवर थर्माकोलची बेटं सांभाळत.
एकपदरी पुलावर समोरून टेम्पो आला,
ब्रेक लागला,
आणि उसेनेच्या बेटाचा किल्ला निखळला.
त्यानं तो डिंकानं चिकटवला परत, जरा तिरका.

विषय: वारसा-बेटावर शाश्वत पर्यटन.
मी परीक्षक. माझ्याकडे रकाने:
नावीन्य वीस, व्यवहार्यता तीस, सादरीकरण दहा.
बाकीचे काय होते, आठवत नाही.

बंदराजवळच्या रिकाम्या गोदामात तक्ते टाचले.
पहिल्यावर सौरदिवे.
दुसऱ्यावर सायकली. बेट तासाभरात चालून संपतं,
तरी सायकली, नारिंगी.
पुढच्या चारांवर तीच झाडं, तीच पाठमोरी जोडपी
संगणकातून आयती उचललेली,
सावल्या चुकीच्या बाजूला.

सातवा नेल्सा आमिसेचा.
तिनं हातानं काढलं होतं:
दगडी शहराच्या गच्च्यांवरचा पाऊस
चुन्याच्या पन्हळींतून
घराखालच्या टाक्यांत कसा उतरतो.
टाक्या उपसू, भेगा बुजवू,
पाहुण्यांना तेच पाणी देऊ,
पुलावरून प्लास्टिकची बाटली आत येणार नाही.
आणि वस्तीमागे, पश्चिमेच्या किनाऱ्यावर
एक लाकडी सज्जा, सूर्यास्तासाठी,
भरतीच्या रेषेवर अलगद.

टाळ्या झाल्या. मी व्यवहार्यतेत सव्वीस लिहिले.

मागच्या बाकावरून मुआनाशा उठली.
गालांवर मुसिरोचा पांढरा लेप,
हसली तर तडकेल इतका वाळलेला.
ती माकुतीतली, झापांच्या छपरांखालची.
माकुती खाली आहे, खरोखरच खाली:
वरच्या शहराचा दगड जिथून निघाला
त्या खड्ड्यात, तो काढणाऱ्यांनी
स्वतःची घरं घातली.
रस्त्यावरून चालताना त्यांची छपरं
आपल्या गुडघ्याशी येतात.

ती नाहारा बोलीत बोलली.
एक मुलगा पोर्तुगीजमध्ये सांगत होता,
ओंजळीतून पाणी न्यावं तसं, थोडं सांडत.

"पोरी, सज्जा छान आहे.
पण तो आमचा परस आहे.
बाया तिन्हीसांजेला तिकडेच जातात.
घरात सोय नाही, दोन हात खणलं की पाणी लागतं.
तुझे पाहुणे सूर्याकडे बघणार,
आम्ही कुणीकडे बघायचं?"

गोदामभर हशा पिकला.
नेल्साही हसली.
मग तिचं हसू तोंडावर राहिलं
आणि डोळ्यांतून गेलं.

"किती घरं आहेत?" तिनं विचारलं.
"मोजायला ये. आणि ते टाक्यांचं पाणी.
पाऊस पडला की वरचं पाणी
न बोलावता येतंच आमच्या चुलीपर्यंत.
बोलावून येईल असं काहीतरी काढ."

माझा पेन रकान्यांवरून फिरत राहिला.
हे नावीन्यात धरायचं? व्यवहार्यतेत?
बाईंना काही गुण देता येतात का,
हे शेजारच्या परीक्षकांना विचारलं.
त्यांना वाटलं, मी विनोद करतोय.

बक्षीस सायकलींना मिळालं.

जेवणानंतर सगळे किल्ला बघायला गेले.
नेल्सा गेली नाही.
तिनं तक्त्याच्या चारही टाचण्या काढल्या,
कागद उलटा केला
आणि मुआनाशामागून उतरणीला लागली.

पुलावर बस तिच्यासाठी थांबली होती,
ड्रायव्हर हॉर्न वाजवून थकला.
ती आली, पाय घोट्यापर्यंत चिखलानं भरलेले.
कागदाच्या पाठीवर पेन्सिलीनं
एकशे बारा आकड्यापर्यंत रेघा,
पाचपाचच्या जुड्या,
आणि कोपऱ्यात एक दार, वाऱ्याकडे पाठ केलेलं.
खाली दुसऱ्या कुणाच्या तरी अक्षरात, मोठ्या, वाकड्या,
एकच सूचना होती:
कडी आतून.