लादी

टी.वाय.ला पीडीई घेतलेले आम्ही सातजण.
खवणेकर मॅडम फळ्यावर सळई काढतात:
दोन्ही टोकं शून्य अंशावर, कायमची.
मधली उष्णता कशी ओसरेल, सांगा.

समजा, म्हणायचं, स्थळ आणि काळ
नुसते गुणाकारात आहेत.
एवढं समजलं की सुटतात दोघं,
मधे एक स्थिरांक ठेवून.
वहीत जमतं मला.

पण अशी सळई मी पाहिलेली नाही.
मी पाहिलीय लादी.
पहाटे साडेतीनला बाबा कारखान्यातून टेंपोत चढवतात,
वर भुसा, गोणपाट,
देवगड जेटीपर्यंत अकरा मिनिटं.
ट्रॉलरला उशीर झाला
तर आधी कोपरे गोल होतात.

रविवारी वही दाखवली.
बराच वेळ बघत राहिले,
ओल्या अंगठ्याने एक वजा चिन्ह फिसकटलं.
"टोकां शून्यावर कोण धरून ठेवता गो?"

मंगळवारी तेच विचारलं वर्गात.
मॅडम हसल्या नाहीत.
उजवीकडचं शून्य बोटानेच पुसलं,
तिथे काळाबरोबर बदलणारं काहीतरी लिहिलं.
"आता अवघड आहे," म्हणाल्या,
"आणि परीक्षेला नाही."

सहाजणांनी पेनं ठेवली.
मी नवं पान काढून
तारीख घातली.